कंपनीत सेफ्टीच्या नावाने बोंब असेल तर तक्रार कशी करायची, आणि मालकाला खरंच काय शिक्षा होते

कुणाची बोटं प्रेसमध्ये (पत्रा दाबून कापणारं मशीन) गेली, कुठे रिअ‍ॅक्टर फुटला की सगळे एकच विचारतात, मालकावर केस होते का? होते, पण आपोआप होत नाही. सेफ्टी कायद्याखाली कोर्टात केस टाकायची ती इन्स्पेक्टरने किंवा त्याच्या परवानगीने, जुन्या कारखाने कायद्यात कलम १०५ मध्ये हे स्पष्टच लिहिलंय, कामगार उठून थेट कोर्टात गेला तर चालत नाही. म्हणून आपलं काम एवढंच की इन्स्पेक्टरच्या हातात असा कागद पडला पाहिजे की त्याला "काही आढळलं नाही" असं लिहिताच येऊ नये. ते कसं करायचं ते सांगतो.

आधी कायदा कुठला लागतो ते बघा कारण इथेच अर्ध्या लोकांचा गोंधळ होतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चारही लेबर कोड (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या संहिता) लागू झालेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता २०२०. त्याआधीचा अपघात असेल तर १९४८ चा कारखाने कायदाच धरायचा, वकील किंवा ऑफिसमधला क्लार्क काहीही म्हणो, तारखेवर अडून बसा. नवीन कोडमध्ये फॅक्टरी म्हणजे पॉवर वापरून २० आणि पॉवरशिवाय ४० कामगार, आणि १० पेक्षा कमी माणसांचं वर्कशॉप असेल तर सहसा कोडच लागत नाही, आपल्याकडची निम्मी गाळ्यातली युनिटं यातच सुटतात हे माझं मत, पण ते असो. छोटं वर्कशॉप असलं तरी पोलीस केस आणि नुकसानभरपाई हे दोन रस्ते राहतातच, ते खाली येतंय.

आता जायचं कुठे. पगार, पीएफ, बोनसवाल्या तक्रारी कामगार आयुक्त ऑफिसला जातात, मशीन, गॅस, आग, गार्ड, हेल्मेट असलं सगळं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, ज्याला लोक दिश म्हणतात किंवा नुसतं फॅक्टरी इन्स्पेक्टरचं ऑफिस. ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर वगैरे ठिकाणी त्यांची ऑफिसं आहेत, तुमची एमआयडीसी कोणाच्या हद्दीत येते ते फोन करून विचारा. गोव्यात असाल, वेर्णा-कुंडईच्या एस्टेटमध्ये वगैरे, तर पणजीला आल्तिनोवर कारखाने व बाष्पके निरीक्षणालय आहे, तिथे कारखाना आणि बॉयलर एकाच ऑफिसकडे. महाराष्ट्रात मात्र बॉयलरचं ऑफिस वेगळं, बाष्पके संचालनालय. २३ मे २०२४ ला डोंबिवलीत केमिकल कंपनीत स्फोट झाला तेव्हा आधी बॉयलर फुटला अशा बातम्या चालल्या आणि नंतर निघालं की रिअ‍ॅक्टर, त्यामुळे नक्की काय गळतंय ते माहीत नसेल तर दोन्हीकडे अर्ज टाकून मोकळे व्हा. चंद्रपूर-यवतमाळ साइडला कोळसा खाणीत असाल तर हे कोणीच नाही, खाण सुरक्षा महासंचालनालय बघतं, त्याचं मुख्य ऑफिस धनबादला.

तक्रार लिहिण्यावरच सगळं अवलंबून आहे म्हणून इथे जरा थांबतो. लोक काय लिहितात तर "कंपनीत सुरक्षेची साधने नाहीत, कामगारांचे जीव धोक्यात आहेत, तरी योग्य ती कारवाई व्हावी ही विनंती". अशा अर्जावर इन्स्पेक्टर येतो, गेटवर चहा पितो, दोन हेल्मेट टेबलावर ठेवलेली दिसतात आणि रिपोर्ट क्लीन. त्यापेक्षा हे बघा. पॉवर प्रेसला दोन हातांची बटणं असतात, दोन्ही एकदम दाबल्याशिवाय रॅम (वरून दाब देणारा भाग) खाली येत नाही म्हणजे दोन्ही हात डायच्या, म्हणजे साच्याच्या, बाहेर राहतात, आता प्रॉडक्शन वाढवायला सुपरवायझर काय करतो तर एका बटणात लाकडाची पाचर ठोकतो किंवा वायरिंगमध्येच जंपर मारतो (वायर जोडून बटण निकामी करतो) आणि सेन्सर असेल तर तोही बायपास, मग एक हात मोकळा, त्याच हाताने पीस ठेवायचा-काढायचा आणि पाळीला दोन-चारशे पीस जास्त. हेच जसंच्या तसं लिहायचं. असं काहीतरी:

"प्रेस शॉपमधील दुसऱ्या ओळीतील १०० टनी प्रेस नंबर ४ आणि ६ वर डाव्या हाताचे बटण पाचर ठोकून कायम दाबलेले ठेवले आहे. प्रेस ६ चा पुढचा गार्ड जून महिन्यापासून काढून टूल रूमच्या मागे ठेवला आहे. रात्रपाळीत रोज असेच काम चालते. सुपरवायझरला वेळोवेळी सांगितले आहे. कृपया रात्रपाळीत अचानक तपासणी व्हावी."

मशीन नंबर, कधीपासून, कोणत्या पाळीत, वरती कोणाला सांगितलं, बस, एवढं असलं की इन्स्पेक्टरला त्या मशीनपाशी जावंच लागतं आणि नाही गेला तर उद्या काही झाल्यावर तोच अडकतो. नवीन कोडमध्ये तपासण्या कंप्युटरवरून रँडम निघतात म्हणे, पण तुमच्या लेखी तक्रारीला त्यांना उत्तर द्यावं लागेल म्हणून दोन प्रती काढा आणि एकीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या, शिक्का दिला नाही तर रजिस्टर एडी टाका आणि पावती जपून ठेवा. आपले सरकार पोर्टलवरही टाका, दुहेरी रेकॉर्ड झालेलं चांगलंच.

नाव द्यायचं का, ही सगळ्यात मोठी भीती. जुन्या कायद्याच्या कलम ११८-अ प्रमाणे तक्रार कोणी केली हे इन्स्पेक्टरने गुप्त ठेवायचं असतं, तपासणी तक्रारीवरून आहे हेसुद्धा मालकाला सांगायचं नसतं. कागदावर छान आहे, प्रत्यक्षात गाव लहान असतं. म्हणून युनियन असेल तर युनियनच्या लेटरहेडवर द्या, नसेल तर वेगवेगळ्या डिपार्टमेंटच्या चार गोष्टी एकाच अर्जात घाला म्हणजे प्रेस ६ वाल्यानेच केली असं बोट दाखवता येणार नाही. निनावी अर्ज मात्र टाळाच, फाइलला लागतो आणि तिथेच पडून राहतो.

आणि धोका आत्ता समोर असेल, म्हणजे गॅसचा वास येतोय, टाकीत उतरायला सांगतायत आणि ऑक्सिजन चेक केला नाही, तर अर्ज-बिर्ज नंतर, आधी मॅनेजरला किंवा सेफ्टी कमिटीच्या माणसाला सांगायचं आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरलाही कळवायचं, कोडमध्ये तसा हक्क दिलाय, आणि मालकाला धोका नाही असं वाटत असेल तर त्यानेही विषय इन्स्पेक्टरकडे पाठवायचा असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलंत तरी वेळेची नोंद राहते, तोंडी बोललेलं काहीच राहत नाही. बूट, हातमोजे, मेडिकल याचे पैसे कोणी पगारातून कापत असेल तर तेही लिहा, सेफ्टीचा खर्च कामगाराकडून घेता येत नाही.

अपघात झाला असेल तर पहिले ४८ तास सगळ्यात महत्त्वाचे. कामगार अपघातानंतर ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर कंपनीला त्याची नोटीस सरकारी ऑफिसात द्यावीच लागते, आता यातली मेख अशी की काही ठिकाणी पट्टी बांधलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी गाडी पाठवून बोलावतात, सिक्युरिटी केबिनमध्ये बसवतात, पंचिंग करून घेतात आणि झाला तो "कामावर हजर", नोटीस द्यायची गरजच नाही. जाऊ नका. सरळ सांगा डॉक्टरने रेस्ट सांगितलाय आणि ते डॉक्टरकडून लिहून घ्या. दुसरी मेख दवाखान्याची, कंपनीच्या ओळखीच्या प्रायव्हेट क्लिनिकमध्ये नेतात आणि केसपेपरवर लिहितात घरी दारात बोट सापडलं. शक्य असेल तर सरकारी हॉस्पिटलला किंवा ईएसआयच्या (कामगार विमा योजनेच्या) हॉस्पिटलला न्या, एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस) नोंदवायला सांगा आणि अपघात कंपनीत, अमुक मशीनवर झाला हे शब्द पेपरवर आहेत का ते वाचल्याशिवाय सही करू नका. शब्दांवर शिक्षा ठरते, खरंच, कारण जुन्या कायद्यात बोटाचं एकच हाड मोडलं तर ती "गंभीर दुखापत" धरतच नव्हते, पण बोटाचा तुकडा कायमचा गेला तर धरतात.

आता शिक्षा. जुन्या कायद्यात कलम ९२, म्हणजे २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, सेफ्टीचा नियम मोडल्याने मृत्यू झाला तर दंड किमान २५ हजार, गंभीर दुखापत असेल तर किमान ५ हजार. हो, ५ हजार, प्रेसची एक डाय रिपेअर करायलाही याहून जास्त लागतात. नवीन कोडने आकडे वाढवले, सर्वसाधारण उल्लंघनाला २ ते ३ लाख, मृत्यू झाला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख दंड किंवा दोन्ही, गंभीर दुखापत असेल तर १ वर्षापर्यंत किंवा २ ते ४ लाख किंवा दोन्ही. आणि यात एक कामाची गोष्ट आहे जी कोणी सांगत नाही, कोर्ट त्या दंडातली किमान ५० टक्के रक्कम जखमी माणसाला किंवा वारसांना द्यायचा आदेश करू शकतं, त्यासाठी आधीच सांगून ठेवा, तारखेला हजर रहा, न मागता कोणी देईल ही आशा धरू नका. दुसरीकडे नुसत्या दंडाचं प्रकरण असेल तर मालक जास्तीत जास्त दंडाच्या निम्मे पैसे भरून ते मिटवू शकतो, म्हणूनच अपघाताआधीची शिक्का मारलेली तक्रार सोन्यासारखी, मालकाला माहीत होतं तरी त्याने केलं नाही हे त्यातून दिसतं आणि पुढच्या सगळ्या केसला त्याचाच आधार होतो.

शिक्षा कोणाला, तर कंपनी असेल तर डायरेक्टरला, मॅनेजरवर ढकलून मोकळं होता येत नाही, सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये जेके इंडस्ट्रीजच्या केसमध्ये हे पक्कं केलंय. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस होता हे ऐकून गप्प बसू नका, मशीन आणि जागा ज्याची त्याची जबाबदारी सुटत नाही.

पोलिसांची केस वेगळी, तिला इन्स्पेक्टरची परवानगी लागत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू हे पूर्वी आयपीसीचं (भारतीय दंड संहितेचं) कलम ३०४-अ होतं, २ वर्षं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, ५ वर्षांपर्यंत. भोपाळ गॅस दुर्घटनेचा निकाल २०१० मध्ये लागला, दुर्घटनेनंतर साधारण साडेपंचवीस वर्षांनी, आणि शिक्षा २ वर्षं, कारण कलमच ३०४-अ उरलं होतं. डोंबिवलीत २०२४ ला पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं, म्हणजे मागितलं तर जड कलम लागू शकतं. एफआयआर लिहिताना तुमच्या जुन्या तक्रारीची झेरॉक्स सोबत द्या आणि ती एफआयआरमध्ये उल्लेखायला लावा.

तीनेक महिने झाले आणि काहीच हललं नाही तर आरटीआय टाका, १० रुपयांचा स्टॅम्प लावून माझ्या अमुक तारखेच्या तक्रारीवर कोणत्या तारखेला तपासणी झाली, तपासणी अहवालाची प्रत, कंपनीला दिलेल्या नोटिशीची प्रत, एवढंच मागा, "कारवाई का केली नाही" असलं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं की पहिलं अपील, बहुतेक वेळा तिथेच कागद निघतो.

नुकसानभरपाई या सगळ्यासाठी थांबवू नका. पगार २१ हजारापर्यंत असेल आणि ईएसआय कापला जात असेल तर तिकडेच क्लेम, अपंगत्वाला रोजच्या सरासरी पगाराच्या ९० टक्क्यांच्या हिशोबाने मिळतं, अपघाताचा रिपोर्ट मालकाने ऑनलाइन भरलाय का ते ईएसआय ऑफिसला जाऊन बघा. ईएसआय नसेल तर भरपाईचा दावा अपघातापासून २ वर्षांच्या आत टाकायचा, फौजदारी केसचा निकाल लागायची वाट बघत बसलात तर ही मुदत निघून जाते.