कोबीचा गड्डा घट्ट कसा झाला: माझा अनुभव

कडोली शिवारात आमची 10 गुंठे कोबी असते. मागल्या वर्षी युरियावरच भिस्त ठेवली. पानं हिरवीगार, रुंद; बघणारा खूश व्हायचा. पण गड्डा दाबला की बोट आत जायचं, आणि पानाखाली मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, चिकटलेला. बेळगावच्या मार्केटात भाव पडला तो पडलाच.

शेजारच्या काकांनी नुसतं शेणखत घातलं होतं. त्यांचा गड्डा घट्ट, पण लहान. कारण साधं आहे: 100 किलो युरियात 46 किलो नत्र (नायट्रोजन), तर तेवढ्याच शेणखतात जेमतेम अर्धा किलो, तेही सावकाश सुटणारं. कोबीला मात्र गड्डा धरायच्या आधीच भूक लागते.

यंदा लावणीआधी तीन आठवडे एक ट्रॉली कुजलेलं शेणखत मातीत मिसळलं. कच्चं घालू नका, हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. युरिया फक्त 12 किलो, तीन हप्त्यांत: लावणीनंतर दहाव्या, तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी. आमच्याकडचा पाऊस एकदम दिलेला युरिया धुऊन नेतो, म्हणून उघडीप बघूनच, बुंध्यापासून चार बोटं लांब टाकला आणि मातीआड केला.

परवा पहिला गड्डा कापला. सुरी करकरत गेली, आत पानावर पान गच्च. आई म्हणाली, "ह्यो खरा कोबी!"