कन्सोल ‘संपला’ म्हणण्याआधी या चुका टाळा

रविवारी रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. “मामा, संपला. आता नवाच घ्यावा लागणार.” आवाजात दुःख कमी, आशाच जास्त. मागून ताई ओरडली, “आधी ये आणि बघ, मग नव्याचं बोलू!”

गेलो. टीव्हीखालच्या कप्प्यात त्याचा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचा डबा, पुढे काचेचं दार, आणि कन्सोलवर त्याच्या आजीने विणलेला क्रोशाचा रुमाल. का, तर धूळ बसू नये म्हणून. सुरू केल्यावर पाच मिनिटांत पंखा मिक्सरसारखा किंचाळायला लागला आणि पंधराव्या मिनिटाला सगळं बंद. रुमाल काढला, दार उघडलं, मागच्या जाळीतली धूळ काढली. पुढे दीड वर्ष तो सुखाने चालला. त्यानंतर तो आणखी दोनदा ‘संपला’, एकदा हार्ड डिस्कपायी आणि शेवटी आतल्या मुख्य सर्किट बोर्डापायी. तीन मरणांपैकी खरं मरण एकच, पण भाच्याच्या मनाने घेतलं असतं तर पहिल्याच फटक्यात नवा कन्सोल घरी आला असता.

खालचे तपशील मुख्यतः पीएस फोरचे, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन फोरचे आहेत. भारतात तो जानेवारी २०१४ मध्ये ३९,९९० रुपयांना आला, आणि आज आपल्याकडे जुना होऊन कुरकुरणारा कन्सोल म्हटलं की बहुतेकदा तोच असतो. पण चुका सगळ्या कन्सोलना सारख्याच लागू पडतात.

पंखा ओरडतोय म्हणजे शेवट जवळ आलाय, असं धरून चालणे

आवाज हे लक्षण आहे, रोग नाही. पीएस फोर बाजूच्या फटींतून हवा ओढतो आणि मागून सोडतो. मागे भिंत, बाजूला पुस्तकं, वर रुमाल असेल तर तो बिचारा स्वतःचीच गरम हवा पुन्हा आत घेत राहतो. त्याच्या माहितीपत्रकात वापरायचं तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस दिलेलं आहे. आता मे महिन्यातलं चंद्रपूर किंवा नागपूर डोळ्यांसमोर आणा. बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा, आत बंद कप्पा. तिथे कन्सोल ओरडणार नाही तर काय करणार! आणि उपाय म्हणून कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, त्या हवेतला ओलावा आत जातो.

एक साधी परीक्षा करा. कन्सोल मोकळ्या टेबलावर ठेवा, कुठलाही गेम न लावता नुसता मेनू उघडा ठेवून दहा मिनिटं थांबा. जड गेममध्येच आवाज वाढत असेल तर फारसं बिघडलेलं नाही. नुसत्या मेनूवरही पंखा पेटत असेल तर आत धूळ भरली आहे, किंवा चिप आणि तिची उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक यांच्यामधली, उष्णता पोचवणारी थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झाली आहे. दोन्ही किरकोळ कामं आहेत, त्यासाठी कन्सोल बदलायचा नसतो.

साफसफाईतली चूक मात्र मी स्वतः केलेली आहे. ब्लोअर पूर्ण जोरात लावला आणि पंखा भिंगरीसारखा फिरू दिला. तसं करू नये, बेअरिंगची वाट लागते. काडीने किंवा बोटाने पाती धरून ठेवावीत. दुसरं म्हणजे घरात झुरळं असतील तर आत बघायची तयारी ठेवा. पीएस फोरचा पॉवर सप्लाय आतच असतो, ऊब असते, फटी रुंद असतात. झुरळांना याहून चांगलं बाळंतघर मिळणार नाही. मुंबईत दुरुस्ती करणाऱ्या कुणालाही विचारा, तोंड वाकडं करून सांगेल. पॉवर सप्लायचा डबा मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका चार्ज राहू शकतो.

आणि त्याच्या पुढचा पीएस फाइव्ह असेल तर पेस्टच्या भानगडीत पडूच नका. त्यात पेस्टऐवजी द्रवरूप धातू वापरलेला आहे आणि तो बोर्डावर सांडला तर शॉर्टच. त्याच्या बाजूच्या पट्ट्या निघतात आणि आत धूळ गोळा करणारी दोन भोकं दिसतात. तिथे व्हॅक्यूम लावायचा, बस्स.

सेव्ह न काढता दुरुस्तीला देणे

माझ्या मते सगळ्यांत महाग चूक ही. सेव्ह म्हणजे गेममध्ये तुम्ही कुठवर पोचलात त्याची साठवलेली नोंद. कन्सोल विकत मिळतो, दोनशे तास खेळून उभारलेलं करिअर मोड मिळत नाही. ‘हार्ड डिस्क काढून मित्राच्या कन्सोलला लावू’ असं पुष्कळ जण समजतात. पीएस फोरमध्ये ते जमत नाही. डिस्कवरचा मजकूर त्या त्या कन्सोलच्या किल्लीने कुलूपबंद असतो, दुसऱ्याने ती पाहिली की तो फॉरमॅट करायला सांगतो. म्हणजे बोर्ड गेला की डिस्क ठणठणीत असूनही सेव्ह गेले.

म्हणून कन्सोल पहिल्यांदा हँग झाला त्याच दिवशी पेन ड्राइव्ह लावा. सेटिंग्जमध्ये सेव्ह डेटाच्या व्यवस्थापनाचा पर्याय असतो, तिथून सगळं यूएसबीवर कॉपी होतं. दहा मिनिटांचं काम आहे. पैसे भरून सदस्यत्व घेतलेलं असेल तर क्लाउडवरही जातं. गेममध्ये मिळवलेल्या ट्रॉफी खात्याला जोडलेल्या असतात, पण शेवटच्या काही सिंक झालेल्या नसतील तर तेवढं करून घ्या. पीएस फाइव्हच्या गेमचे सेव्ह यूएसबीवर जात नाहीत, त्यांना क्लाउडच हवा, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

हार्ड डिस्क गेली म्हणजे कन्सोल गेला, असा समज

भाच्याचं दुसरं मरण हे होतं. गेम उघडायला युगं लागायची, मधेच चित्र थिजायचं, आणि कान लावला तर आतून टक्‌-टक्‌ असा बारीक आवाज. पीएस फोरवर अशा वेळी पुष्कळदा सीई-३४३३५-८ हा कोड येतो. त्याचा अर्थ कन्सोलला आतली डिस्क सापडत नाही. सीई-३४८७८-० आला तर घाबरू नका. तो गेम आपटल्याचा कोड आहे आणि अनेकदा गेम काढून पुन्हा टाकल्यावर प्रश्न मिटतो.

डिस्क बदलण्याआधी सेफ मोड, म्हणजे बिघाड निस्तरण्यासाठीची वेगळी यादी, बघा. कन्सोल बंद करून पॉवरचं बटण दाबून धरायचं, पहिला बीप लगेच येतो, दुसरा साधारण सात सेकंदांनी. मग कंट्रोलर केबलने जोडायचा. इथे निम्मे लोक अडकतात, कारण हाताला लागलेली केबल नुसती चार्जिंगची असते, डेटाची नसते. पडद्यावर यादी येते. त्यातला डेटाबेस पुन्हा बांधण्याचा पाचवा पर्याय सुरक्षित आहे, त्यात गेम आणि सेव्ह राहतात. सहावा आणि सातवा सगळं पुसतात. वैतागून थेट सातव्यावर जाणारे मी पाहिलेत.

त्यानेही भागलं नाही तर डिस्क बदला. मूळ, जाड पीएस फोरवर डाव्या बाजूचं झाकण बोटाने सरकवलं की एक मोठा स्क्रू दिसतो. त्याच्या डोक्यावर त्रिकोण, वर्तुळ, फुली आणि चौकोन कोरलेले आहेत. तो एकच स्क्रू काढला की डिस्कची चौकट बाहेर येते. नंतरच्या, बारीक अंगाच्या स्लिममध्ये हीच जागा मागच्या कोपऱ्यात आहे. ही अडीच इंची, लॅपटॉपमध्ये असते तशीच साटा डिस्क. ती घरी बदलायची मुभा कंपनीनेच दिलेली आहे. बदलताय तर एसएसडीच (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) टाका, जुन्या कन्सोलला तरतरी येते.

नव्या डिस्कवर सिस्टीम टाकताना दोन ठिकाणी माशी शिंकते. पहिली, अपडेटची छोटी फाइल उतरवली जाते. रिकाम्या डिस्कला सुमारे १ जीबीची, पुन्हा बसवण्यासाठीची वेगळी फाइल लागते. दुसरी, फाइल दोनदा डाउनलोड झाली की संगणक तिच्या नावामागे कंसात १ लावतो आणि कन्सोल तिला ओळखच देत नाही. नाव जसंच्या तसं हवं, फोल्डरचंही. आमच्याकडे रात्री एक वाजेपर्यंत आम्ही त्या एका आकड्यापायी डोकं धरून बसलो होतो.

‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून थेट दुकान गाठणे

पांढरा दिवा लागतोय, कंट्रोलर जोडला जातोय, पण पडदा काळा, तर संशय एचडीएमआयवर, म्हणजे टीव्हीकडे चित्र नेणाऱ्या जोडणीवर. आधी दुसरी केबल, मग टीव्हीचं दुसरं पोर्ट, मग दुसरा टीव्ही. सेफ मोडमधून रिझोल्यूशन बदलून पाहा. टॉर्च मारून कन्सोलच्या पोर्टमध्ये डोकवा, एखादी पिन वाकलेली दिसली तर उत्तर मिळालंच. केबल जोडलेली असतानाच टीव्ही सरकवल्याचा हा परिणाम असतो. पोर्ट बदलणं हे सोल्डरिंगचं काम आहे, पण हात बसलेल्या कारागिराला रोजचं.

अजिबातच दिवा लागत नसेल तर पॉवर केबल तपासा. जाड आणि स्लिम पीएस फोरला जुन्या टेपरेकॉर्डरची, आठाच्या आकड्यासारखी केबल चालते. माळ्यावर एखादी सापडेलच.

‘हीट मारून देतो’ला भुलणे

भाच्याचं तिसरं मरण. दिवा निळा लुकलुकायचा आणि विझायचा. एका दुकानात चिपला गरम हवा देऊन कन्सोल चालू करून दाखवला, पैसे घेतले, आणि अठराव्या दिवशी तो पुन्हा गेला. तेच पैसे पुन्हा मागितले तेव्हा ताईने मला फोन केला.

याचं शास्त्र समजून घ्यायचं तर एक्सबॉक्स ३६० आठवा. २००५ साली आलेल्या त्या कन्सोलचे तीन लाल दिवे इतके बदनाम झाले की जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि १ अब्ज डॉलरपेक्षा जास्त खर्च हिशोबात दाखवला. कारण होतं तापणं-निवणं. खेळताना चिप तापते, बंद केल्यावर निवते, आणि या रोजच्या ताणाने चिपच्या पोटातले सोल्डरचे बारीक जोड तडकतात. तेव्हा लोक कन्सोलला टॉवेलमध्ये गुंडाळून मुद्दाम तापवायचे, आणि तो खरोखर सुरू व्हायचा! काही दिवसांपुरता. गरम हवेचं काम याच जातीचं आहे. तडकलेला जोड क्षणभर टेकतो, सांधला जात नाही.

तेव्हा मुख्य चिपच गेलीय असं दोन वेगवेगळ्या कारागिरांनी सांगितलं, तर तिथे पैसे घालणं थांबवा. माझ्या लेखी कन्सोल बदलायची खरी वेळ ती. हार्ड डिस्क, पंखा, पेस्ट, पोर्ट, पॉवर सप्लाय यांपैकी काही असेल तर दुरुस्ती.

गेमच्या डिस्क वाचणारा ड्राइव्ह अधेमधे पडतो. रोलर आणि लेन्स बदलता येतात, पण दुसऱ्या कन्सोलचा अख्खा ड्राइव्ह आणून बसवला तर चालत नाही, कारण ड्राइव्हच्या बोर्डाची आणि मुख्य बोर्डाची जोडी कारखान्यातच जमवलेली असते. जुना बोर्ड तसाच ठेवून बाकीचं बदलणारा माणूस शोधा. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास विचारत गेलात तर भेटतो.

दुरुस्तीचा खर्च नव्या कन्सोलशी ताडून पाहणे

“नवा पन्नास हजारांचा, मी सहा हजारांत करून देतो,” हे वाक्य ऐकायला गोड लागतं. पण तुमच्या हातात नवा कन्सोल नाही, आठ-दहा वर्षं वापरलेला डबा आहे. त्याच मॉडेलचा चालू, सेकंड हँड कन्सोल तुमच्या शहरात कितीला मिळतो ते आधी पाहा आणि त्या आकड्याशी तुलना करा. दुरुस्ती त्याच्या निम्म्यावर गेली की मी हात आखडता घेतो. हा माझा हिशोब, तुमचा वेगळा असेल.

कपाटातल्या डिस्क विसरून नवा घेणे

पीएस फाइव्ह भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला, तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल, म्हणजे डिस्क घालायची सोयच नसलेला, ३९,९९० रुपयांना होता. दहा हजार वाचले म्हणून अनेकांनी डिजिटल घेतला आणि घरी आल्यावर कळलं की पीएस फोरच्या वीस डिस्क आता चहाच्या कपाखाली ठेवायच्या लायकीच्या. पीएस फाइव्हवर पीएस फोरचे जवळजवळ सगळे गेम चालतात, पण डिस्कवर घेतलेला गेम चालवायला डिस्क आत घालावीच लागते. जुना कंट्रोलरही फक्त जुन्या गेमपुरता चालतो.

आणि जुना अजून धुगधुगत असेल तर तो देऊन टाकायची घाई नको. घरच्या नेटवर्कवरून जुन्यातलं सगळं नव्यात घेता येतं, पण त्यासाठी दोन्ही चालू हवेत. मरायला टेकलेला कन्सोल एका संध्याकाळपुरता तरी जिवंत ठेवा.

आणखी जुनं काही असेल तर घाईच करा, उलट्या कारणासाठी. निन्टेन्डोने वी यू आणि थ्रीडीएस या आपल्या जुन्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद केलं, एक्सबॉक्स ३६० चं जुलै २०२४ मध्ये बंद झालं. तिथे नवीन खरेदी आता होत नाही, तेव्हा त्या कन्सोलमध्ये जे आहे ते जपायला दुरुस्तीचे थोडे जास्त पैसे गेले तरी मी कुरकुर करणार नाही.

जुना तसाच भंगारवाल्याला देणे

चालू असेल तर त्यावरचं खातं काढा, तो प्रायमरी, म्हणजे खात्याचा मुख्य कन्सोल म्हणून नोंदलेला असेल तर ती नोंद रद्द करा आणि मग सगळं पुसा. सुरूच होत नसेल तर खात्याच्या वेबसाइटवरून सगळ्या उपकरणांची नोंद एकदम रद्द करता येते, मात्र सहा महिन्यांतून एकदाच. हार्ड डिस्क काढून ठेवा, ती लॅपटॉपच्या बॅकअपला कामाला येईल. देताना ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या.

आणि ड्राइव्हमध्ये डिस्क अडकलेली नाही ना, ते बघा. वीज नसतानाही ती बाहेर काढायला खालच्या बाजूने फिरवायचा एक स्क्रू असतो, त्याची जागा मॉडेलप्रमाणे बदलते. भाच्याच्या कन्सोलमधून आम्ही तशीच फुटबॉलच्या गेमची डिस्क काढली. ती शेजारच्या मित्राने ढापली म्हणून त्याने दोन महिने त्याच्याशी अबोला धरला होता. डिस्क हातात घेऊन तो तसाच चप्पल न घालता जिना उतरला.