ब्रँड बदलायचा की नाही? आधी तीन वाट्या मांडा

डोंबिवलीत आमचं किराणा दुकान आहे. गिऱ्हाइकांच्या यादीत साखर नुसती ‘साखर २ किलो’ अशी येते, पण हिंग आणि गोडा मसाला आला की पुढे कंपनीचं नाव असतंच. कोणी तर डबीचा रंगही लिहितं. ती नसली म्हणून मी दुसरी पुढे केली, तर “राहू दे, उद्या बघते” हे ठरलेलं. हा हट्ट काही जिनसांच्या बाबतीत अगदी रास्त असतो, काहींच्या बाबतीत निव्वळ सवय. कोणता कुठला, ते घरीच ओळखता येतं.

मिठात फार अडकू नका. आयोडीनयुक्त बारीक मीठ कुठल्याही नामांकित कंपनीचं घ्या, आमटीला फरक कळत नाही.

हिंगाचं मात्र तसं नाही. डबीत शुद्ध हिंग नसतो. अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून आलेला चीक इथे मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक घालून बांधतात. किती चिकाला किती पीठ, हे ज्याचं त्याचं गणित. लालजी गोधूंचा हिंग १८९४ पासून बाजारात आहे. ज्या घरात पणजीपासून तोच, तिथे हाताची चिमूटही त्याच मापाची झालेली असते. म्हणून नवी डबी आणलीत तर पहिल्यांदा निम्मीच चिमूट टाका, मग वाढवा. घरात कुणाला गहू चालत नसेल, तर डबीमागचे घटक वाचल्याशिवाय हात लावू नका.

आता गोडा मसाला. भांडणं इथेच होतात, म्हणून परीक्षाही इथेच घ्यावी. तूरडाळीची आमटी करा: चिंच, गूळ, मीठ, फोडणी सगळं एकाच पातेल्यात. मसाला घालायच्या आधी तिचे दोन भाग करा. एकात नेहमीचा मसाला, दुसऱ्यात नवा, दोन्हींत वजनकाट्यावर मोजून सारखाच. दोन्ही सारखा वेळ उकळा. मग तीन वाट्या भरा, दोन एका आमटीच्या आणि एक दुसरीची. वाट्यांच्या बुडाला खुणेचे कागद चिकटवा आणि चाखणाऱ्याला एवढंच विचारा: यातली वेगळी कोणती? ‘चांगली कोणती’ हे विचारू नका, लोक लगेच आईची बाजू घेतात.

नुसत्या अंदाजानेही तिनात एकदा उत्तर बरोबर येतं, तेव्हा एका फेरीवर निकाल लावू नका. वाट्यांची जागा बदलून पुन्हा द्या. दर वेळी वेगळी वाटी सापडली, तर त्या जिभेला खरंच कळतंय. तुमचा ब्रँड सोडू नका. सापडतच नसेल, तर निष्ठा पाकिटावर आहे. मग दोन्ही पाकिटांवरचा दर ग्रॅमचा भाव बघा आणि स्वस्त असेल ते घ्या.

मात्र दोन्ही पाकिटं ताजी हवीत. गोड्या मसाल्यात सुकं खोबरं आणि तीळ असतात, त्यांचं तेल जुनं झालं की मसाला खवट लागतो. सहा महिने डब्यात पडलेला जुना आणि काल फोडलेला नवा अशी तुलना नवीन ब्रँडच्या बाजूने झुकणारच. पाकीट शंभर ग्रॅमचं घ्या, उरलेला मसाला फ्रिजमध्ये घट्ट झाकणात ठेवा.

लोणच्याला ही युक्ती चालत नाही. मोहरीची डाळ, हिंग, मेथीचं आपलं कैरीचं लोणचं आणि बडीशेप, कलौंजी, सरसोंच्या तेलाचं उत्तरेकडचं, हे मुळात दोन निराळे पदार्थ. लोक ब्रँड बदलून फसतात ते बहुतेक यामुळे. बरणीवरचे मसाले आणि तेल जुळत असतील, तरच कंपन्यांची तुलना करा.

केचपला एका ओळीत: घटकांच्या यादीत टोमॅटो किती टक्के ते वाचा. नुसतं ‘सॉस’ लिहून टोमॅटोचं नावच नसेल, तर परत ठेवा.

आणि दुकानदाराला “चांगला कोणता?” असं विचारू नका; ज्यात आम्हाला जास्त सुटतात, त्याचंच नाव आधी तोंडात येतं. “तुमच्याकडे लवकर संपतो तो कोणता?” असं विचारा. तो माल ताजा असतो, आणि हे सांगताना आमचं काही जातही नाही.