आत्महत्येने माणूस गेल्यावर घरच्यांनी आधार कसा शोधावा

कोकणातल्या वाडीत कुणी गेले की निरोप धाडावा लागत नाही. लोक खळ्यात जमतात आणि बाराव्या-तेराव्यापर्यंत शेजारच्या घरांतून जेवण येत राहते. मृत्यू आत्महत्येने झाला असेल तर मात्र हीच माणसे बिचकतात, काय बोलावे ते न सुचल्यामुळे उंबऱ्यापर्यंत येऊन परततात, आणि घरच्यांना वाटते की गावाने पाठ फिरवली. म्हणून अशा वेळी आधार आपणहून येईल याची वाट न पाहता तो नेमका, माणूस हेरून, मागावा.

सुरुवातीला दोन माणसे पुरेत. एक कागदपत्रांचे भान असलेला नातेवाईक. अशा घटनेची पोलीस अकस्मात मृत्यू म्हणून नोंद करतात, पंचनामा व शवविच्छेदन होते आणि घरच्यांचे जबाब घेतले जातात. ही नेहमीची कार्यपद्धती आहे, आपल्यावरचा आरोप नव्हे, तरीही ठाण्यात एकट्याने जाऊ नये. विम्याचे कागदही याच माणसाकडे द्यावेत. आत्महत्या म्हणजे विमा बुडाला असे सर्रास सांगितले जाते, पण आयुर्विम्यातील आत्महत्येची अट साधारणपणे पॉलिसी सुरू झाल्यापासूनच्या किंवा बंद पडून पुन्हा चालू केल्यापासूनच्या पहिल्या १२ महिन्यांपुरतीच असते. दुसरा माणूस केवळ ऐकणारा हवा. जो येताच कारणे शोधू लागतो, तो कितीही जवळचा असला तरी या कामाचा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्नांना एकच उत्तर ठरवून ठेवावे: “त्याने आत्महत्या केली, आम्ही अजून सावरलेलो नाही, त्याची एखादी आठवण असेल तर सांगा.” मृत्यू कसा झाला, याचा तपशील सांगण्यास कुणीही बांधील नाही. गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा तीच चौकशी घरोघर नव्याने सुरू होते. त्याआधी वाडीच्या मुंबई मंडळातील एखाद्या समंजस व्यक्तीकरवी सर्वांना कल्पना दिलेली बरी. मुलांनाही खरे तेच, त्यांच्या वयाला झेपेल एवढे सांगावे, कारण शाळेत ते त्यांच्या कानावर येतेच.

तेराव्यानंतर पाहुणे परततात आणि खरा एकटेपणा सुरू होतो. या टप्प्यावर ज्यांच्या घरात असेच घडले आहे त्यांची सोबत सर्वाधिक उपयोगी पडते, कारण “मला कळायला हवे होते” हे वाक्य त्यांना समजावून सांगावे लागत नाही. अशी घरे आशाताईंना किंवा गावच्या डॉक्टरांना ठाऊक असतात. त्यांच्याकडे दुसऱ्यांची नावे मागू नयेत, आपला निरोप आणि फोन नंबर तेवढा त्या घरांपर्यंत पोहोचवण्यास सांगावे. दोन घरे आली तरी बैठक होते. जागा देवळाची किंवा कुणाच्या घरची नको. तालुक्याच्या वाचनालयातील खोली बरी, आणि वेळ अशी की परतीची शेवटची एसटी चुकणार नाही. बोललेले बाहेर जाणार नाही, मृत्यूच्या पद्धतीचे वर्णन होणार नाही आणि न मागता सल्ला दिला जाणार नाही, हे नियम प्रत्येक वेळी आरंभी सांगावेत. ज्याला नुसते बसायचे आहे, त्याला बसू द्यावे.

पहिल्या काही बैठकींना जिल्हा रुग्णालयातील समुपदेशक लाभला तर उत्तम. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे गेल्यास लोक काय म्हणतील, या धास्तीने उपचार लांबवू नयेत. घराबाहेर पडणेच जड जात असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत, विनामूल्य आणि रात्री-अपरात्रीही बोलता येते.

मागे राहिलेल्यांच्या मनातही मरणाचे विचार येऊ शकतात. तसे झाल्यास त्याच दिवशी कुणाला तरी स्पष्ट सांगावे, एकटे राहू नये, आणि धोका जवळ वाटत असल्यास १०८ किंवा ११२ वर फोन करावा. बैठकीला नेमाने येणारा न कळवता आला नाही, तर त्याच संध्याकाळी त्याला फोन करावा, आणि तो उचलला नाही तर कुणीतरी त्याच्या घरी जाऊन यावे.