मूल शिकायला परगावी गेल्यावर घराची घडी पुन्हा कशी बसवावी

बारावीचा निकाल लागला की प्रवेशफेऱ्यांच्या याद्या, कागदपत्रांची पडताळणी, शुल्क आणि वसतिगृहातली खोली यांच्या धावपळीत आईवडिलांना स्वतःचा विचार करायला सवड मिळत नाही. मुलाला पुण्यात किंवा मुंबईत सोडून ती दोघे लातूरला, जळगावला, सावंतवाडीला परततात, आणि मग घर अंगावर येऊ लागते. आपल्याकडे अकरावी-बारावीची दोन वर्षे सबंध घर एका वेळापत्रकाला बांधलेले असते: पहाटे क्लासआधीचा चहा, दुपारचा डबा, बंद ठेवलेला टीव्ही, टाळलेली लग्नकार्ये आणि अभ्यास संपेपर्यंत जागणारी आई. मूल गेले की हे वेळापत्रक एका दिवसात संपते आणि त्याची जागा घेणारे काहीच तयार नसते. म्हणून मन घट्ट करण्याच्या सल्ल्यांकडे लक्ष न देता आधी दिवसाच्या वेळा नव्याने लावाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

याची तयारी मूल घरी असतानाच सुरू होऊ शकते. स्वतःचे कपडे धुणे, एटीएम आणि यूपीआयचा सुरक्षित वापर, ताप आल्यावर काय करावे, रेल्वेचे तिकीट कसे काढावे, या गोष्टी जूनमध्ये शिकवून झाल्या असतील, तर सप्टेंबरमध्ये रात्री अकरा वाजता ‘त्याला जमत असेल का’ या विचाराने उठून बसण्याची वेळ कमी येते. रॅगिंगची भीतीही अशीच माहितीने हलकी होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनुसार विद्यार्थी आणि पालक या दोघांनाही रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. ते घाईत सही करून न देता मुलासोबत वाचावे आणि 1800-180-5522 हा मदतक्रमांक दोघांनीही फोनमध्ये जतन करून ठेवावा.

सर्वांत जास्त घोटाळा फोनमुळे होतो. दिवसातून पाच-सहा वेळा फोन करणारे पालक प्रत्येक न उचललेल्या फोनमागे एक संकट कल्पितात, आणि मूल मात्र प्रयोगशाळेत किंवा मेसच्या रांगेत असते. फोनची वेळ मुलालाच ठरवू द्यावी. रात्री जेवणानंतर दहा मिनिटे आणि रविवारी निवांत व्हिडिओ कॉल, एवढे बहुतेक घरांना पुरते. व्हॉट्सॲपवर ‘लास्ट सीन’ पाहून रात्री एक वाजता ते का जागे होते याची चौकशी करण्याची सवय मात्र निश्चयाने सोडावी, कारण तिने पालकांची झोप जाते आणि मूल ती खूण बंद करून मोकळे होते. रेक्टरचा आणि खोलीतल्या एका सोबत्याचा क्रमांक जरूर घ्यावा, परंतु तो अडीअडचणीसाठीच वापरावा. बोलताना ‘जेवलास का’, ‘अभ्यास झाला का’ यांच्या पुढे जाऊन घरातल्या गोष्टी सांगाव्यात: आजीचा गुडघा कसा आहे, शेजारी कोण राहायला आले, अंगणातल्या पेरूला किती फळे धरली. आपल्या विचारपूशीपेक्षा अशा बातम्यांनीच मुलाला घराशी बांधून ठेवलेले असते.

स्वयंपाकघराचे प्रश्न बाहेरून क्षुल्लक वाटतात, पण बहुतेक आयांचे डोळे पहिल्यांदा तिथेच भरून येतात. हात सवयीने जास्तीची कणीक मळतो, आणि मुलाच्या आवडीची भाजी आठवडेच्या आठवडे केलीच जात नाही. ती भाजी अवश्य करावी. भडंग, चिवडा किंवा लाडू गावाकडून पुण्याला जाणाऱ्या कोणाबरोबर महिन्यातून एकदा पाठवावेत. दर आठवड्याला डबा पाठवण्याच्या धडपडीने मात्र मेसच्या जेवणाशी मुलाची ओळखच होत नाही.

वडिलांबद्दल फारसे कोणी विचारत नाही, याचे मला वाईट वाटते. ते खर्चाचा हिशेब मागतात, गाडीचे वेळापत्रक पाहतात आणि गप्प राहतात. त्यांची काळजी पैशाच्या भाषेत बाहेर पडते आणि मुलाला तो संशय वाटतो. महिन्याची ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला द्यावी, आणि तिच्यातल्या प्रत्येक चहाचा जाब विचारू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पती-पत्नींनी संध्याकाळचा काही वेळ एकत्र घालवावा. ज्या घरांत दोन वर्षे बोलण्याचा विषय केवळ गुण आणि प्रवेश हाच होता, तिथे सुरुवातीला अवघडल्यासारखे होते. एकत्र फिरायला जाणे, बाजारहाट करणे, राहून गेलेल्या नातेवाइकांच्या भेटी घेणे यांनी हळूहळू बोलणे सुटते. एकट्याने मूल वाढवणाऱ्या पालकाने तर भजनी मंडळ, वाचनालय, बहिणीचे घर, असे संध्याकाळचे एक ठिकाण आधीच ठरवून ठेवावे.

गणपतीत किंवा दिवाळीत मूल पहिल्यांदा घरी येते, तेव्हा ते थोडे बदललेले असते. ते दुपारपर्यंत झोपते, मित्रांना भेटायला निघून जाते, आणि आईने मनात आखलेले चार दिवस तसेच राहतात. एक दिवस घरच्यांसाठी, एवढेच आधी बोलून ठरवावे आणि उरलेले त्याच्यावर सोडावे. पहिल्या सत्रात गुण घसरले किंवा एखाद्या विषयात एटीकेटी लागली, तर नव्या शहराचे आणि नव्या अभ्यासक्रमाचे ओझे लक्षात घेऊन आधी त्याचे ऐकून घ्यावे.

काही आठवडे उदास वाटणे स्वाभाविक आहे. मात्र झोप उडणे, भूक मरणे, कशातच मन न लागणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज चालू राहिले, तर डॉक्टरांना भेटावे. पंचेचाळिशी-पन्नाशीच्या आईच्या बाबतीत रजोनिवृत्तीमुळेही झोप आणि मनःस्थिती बिघडू शकते, म्हणून सारे काही मुलाच्या विरहावर ढकलून अंगावर काढू नये. टेलिमानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक पालकांनी स्वतःसाठी ठेवावा आणि मुलालाही द्यावा.