मे महिन्यात राजापूरचं बंद घर उघडताना

आमचं घर राजापूर तालुक्यात आहे आणि वर्षातले अकरा महिने कुलपात असतं. दर उन्हाळ्यात ते मीच उघडते. माझं पहिलं सांगणं एवढंच, की पहिले दोन दिवस घराचे धरा. फिरणं, पाहुणे, समुद्र सगळं त्यानंतर.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. म्हणजे १ मेची गाडी हवी तर २ मार्चला सकाळी आठच्या आत मोबाइल हातात घेऊन बसा. तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री १२.०५ला सुटते, तेव्हा तारीख नीट बघा. मी एकदा ३० एप्रिलच्या रात्री निघायचं म्हणून ३०चंच तिकीट काढलं होतं. दोन पिशव्या आणि सासूबाईंना घेऊन फलाटावर उभी राहिले तेव्हा कळलं, आपली गाडी कालच गेली. आणखी एक, राजापूर रोडला उतरलात म्हणजे राजापुरात पोचलात असं नाही. रिक्षा आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा.

घरी पोचलात की आधी पुढचं आणि मागचं दार सताड उघडा आणि पडवीत दहा मिनिटं बसा. आत लगेच हात घालू नका. आमच्या भागात फुरसं आणि विंचू दोन्ही असतात, म्हणून कोपरे आणि माळा आधी लांब काठीने हलवायचे, मग खराटा. मेन स्विच बंद ठेवूनच बोर्डाची झाकणं बघा. एका वर्षी आमच्या बोर्डात गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. गोधड्या खळ्यात उन्हाला टाका, दुपारी एकदा उलटा.

पाण्याची खरी कसोटी असते. मेमध्ये विहीर तळाला जाते, त्यामुळे पंप लावण्याआधी पाणी किती आहे ते डोकावून बघा. वर्षभर पडून मोटर जाम होते. वीज बंद करून तिचा मागचा पंखा हाताने फिरवून पाहा, फिरला तर ठीक. पंपात वरून पाणी भरल्याशिवाय बटण दाबू नका. नाहीच चाललं तर रहाट आहे, दोर मात्र नवा आणा. एवढं होईस्तोवर शेजारच्या काकी "कधी आलीस गो?" म्हणत चहा घेऊन येतातच. त्यांच्याकडे किल्ली असते, म्हणून त्यांच्यासाठी मुंबईहून काहीतरी न्यायचं विसरू नका.

तिसऱ्या दिवशी आंबे. घळीने, म्हणजे काठीला जाळी लावलेल्या झेल्याने काढायचे, देठ बोटभर ठेवून. देठ तुटला की चीक उडतो, तो कातडीला भाजतो आणि आंब्यालाही डाग पाडतो. चीक निथळेपर्यंत सावलीत ठेवा, मग आढी लावा. जमिनीवर वीतभर सुका पेंढा, त्यावर आंबे एकमेकांना न दाबता, वर पुन्हा पेंढा. पाचव्या दिवसापासून रोज हात घालून बघा. देठाजवळ बोटाला किंचित मऊ लागला आणि वास आला की तो बाहेर. एक कुजका राहिला तर शेजारचे चार घेऊन जातो. फणस कापायचा तर हाताला आणि विळीला आधी खोबरेल तेल. बरका, म्हणजे मऊ गऱ्यांचा असेल तर वर्तमानपत्र पसरून अंगणातच बसा.

फिरायला सकाळी नऊच्या आत निघा, त्यानंतर सड्यावरचा, म्हणजे उघड्या पठारावरचा कातळ तव्यासारखा तापतो. देवाचे गोठणे गावाला कातळात कोरलेलं माणसाचं चित्र आहे. तिथे होकायंत्र धरलं की सुई भरकटते. मुलं त्यातच अर्धा तास रमतात. बूट घाला, दगड उलटून बघू नका. उन्हाळे गावात गरम पाण्याचं कुंड आहे. जवळच राजापूरच्या गंगेची, म्हणजे अधूनमधून प्रकट होणाऱ्या झऱ्याची चौदा कुंडं आहेत, पण तिथे पाणी असेल की नाही हे गंगेच्या मनावर, म्हणून आधी गावात विचारून घ्या.

परतताना पेटीत अर्धे कच्चे, अर्धे पाडाला आलेले आंबे भरा. नाहीतर ठाण्याला पोचेपर्यंत सगळे एकदम पिकतात आणि मग शेजाऱ्यांची चंगळ. निघायच्या आदल्या रात्री पंपातलं पाणी काढा, तांदळाचे डबे रिकामे करा, मेन स्विच पाडा. किल्ली काकींच्या हातात द्या आणि आढीतले उरलेलेही त्यांनाच.