आयोगाला नीट अर्ज, संघटनेला दरमहा पाचशे

मानवी हक्कांचं काम करणाऱ्यांना मदत करायची म्हटलं की बहुतेकांना दोनच गोष्टी सुचतात: निवेदनावर सही करायची, नाहीतर मोर्चाला जायचं. दोन्ही चांगल्या. पण काम अडतं ते भलत्याच ठिकाणी. मुदतीत न गेलेला अर्ज, सुनावणीला मुंबई गाठायला नसलेले पैसे, थकलेलं ऑफिसभाडं, धर्मादाय कार्यालयात लटकलेला चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याचा अर्ज). इथे याच अडलेल्या जागांबद्दल लिहिलं आहे, आणि ते महाराष्ट्र धरून लिहिलं आहे.

आयोगाचा अर्ज

1993 च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने दिल्लीत राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आला आणि राज्यांना आपापले आयोग नेमता आले. महाराष्ट्राचा आयोग मार्च 2001 पासून काम करतो. त्याचं कार्यालय मुंबईत सीएसएमटीसमोर, हजारीमल सोमाणी मार्गावर आहे. गोव्याचा आयोग पणजीत आहे. अर्जाला फी नाही, वकिलाची सक्ती नाही आणि मराठीत लिहिलेला अर्ज चालतो. शिवाय पीडितानेच अर्ज करायला हवा असंही नाही. त्याच्या वतीने दुसरं कोणीही करू शकतं. शेजारी, शिक्षक, कार्यकर्ता असा ज्याला चार ओळी सरळ लिहिता येतात त्याचा इथे खरा उपयोग आहे.

अर्ज फेटाळले जातात त्याची कारणं ठरलेली आहेत. सगळ्यात मोठं कारण मुदत. घटनेला एक वर्ष उलटलं की कलम 36 प्रमाणे आयोगाला चौकशी करता येत नाही. लोक आधी ठाण्यात अर्ज देतात, मग एसपींकडे, मग कलेक्टरांकडे, मग पालकमंत्र्यांच्या जनता दरबारात, आणि प्रत्येक ठिकाणी दोन-तीन महिने वाट पाहतात. वर्ष घटनेपासून मोजतात, शेवटच्या उत्तरापासून नाही. म्हणून बाकीचे अर्ज चालू असतानाच आयोगाचा अर्ज पाठवून द्या.

दुसरी चूक म्हणजे दिल्ली आणि मुंबई दोन्हीकडे एकदम लिहिणं. राज्य आयोगापुढे असलेल्या प्रकरणात राष्ट्रीय आयोग हात घालत नाही, त्यामुळे एकच जागा ठरवा. तिसरी चूक ‘प्रत माहितीसाठी रवाना’ ही आपली जुनी सवय. कलेक्टरांच्या नावाने लिहिलेल्या अर्जाची नुसती प्रत पाठवली तर राष्ट्रीय आयोग तिला तक्रार मानत नाही. अर्ज आयोगाच्याच नावाने हवा. निनावी अर्ज, जमिनीचे आणि भाडेकरूंचे वाद, नोकरीतल्या बढती-बदलीचे प्रश्न आणि कोर्टात चालू असलेलं प्रकरण हे दारातूनच परत येतं.

आता मजकूर. ‘पोलिसांनी माझ्या भावावर अमानुष अत्याचार केले, तरी न्याय मिळावा ही नम्र विनंती.’ असं वाक्य शेकडो अर्जांत असतं आणि त्यातून चौकशी करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. तीच गोष्ट अशी लिहा:

‘दि. 3 मार्च, रात्री साडेअकरा. अमुक ठाण्याचे दोन शिपाई (एकाचा बक्कल नंबर अमुक) भावाला घरातून घेऊन गेले. अटकेचा मेमो दिला नाही, कारण सांगितलं नाही. 4 तारखेला सकाळी नऊ आणि दुपारी चार वाजता मी ठाण्यात गेलो, भेटू दिलं नाही. 5 तारखेला दुपारी तीनला सोडलं, कोर्टापुढे नेलं नाही. त्याच संध्याकाळी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणी झाली, एमएलसी (पोलीस केसची वैद्यकीय नोंद) नंबर अमुक.’

एकही विशेषण नाही. पण वाचणारा तास मोजतो: साडेएकोणचाळीस. अटक केलेल्याला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायला हवं, हे राज्यघटनेच्या कलम 22 मध्ये आहे आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 58 मध्येही. ही मर्यादा मोडल्याचं तारखाच सांगतात.

पीडिताचं नाव, वय, पत्ता, घटनेची जागा, संबंधित अधिकाऱ्याचं नाव किंवा निदान हुद्दा, आणि हे प्रकरण कोर्टात वा दुसऱ्या आयोगापुढे आहे की नाही हे स्पष्ट लिहा. शेवटी मागणी सुटी सुटी करून लिहा: चौकशी, अंतरिम नुकसानभरपाई, सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा आदेश. या शेवटच्या मागणीला उशीर चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला आणि चित्रण 18 महिने ठेवायला सांगितलं. मानवी हक्क आयोगाला ते मागवताही येतं. तरी ‘त्या दिवशी कॅमेरा बंद होता’ हे उत्तर ठरलेलं असतं. पहिल्याच आठवड्यात ठाण्याला लेखी कळवा, त्यात तारीख, वेळेचा पट्टा आणि कॅमेऱ्यांच्या जागा (फाटक, लॉकअप, व्हरांडा) लिहा आणि पोच घ्या. शिक्का आणि आवक क्रमांक नसलेली पोच म्हणजे पोच नव्हे.

अर्ज गेला की अर्धं काम संपलं, असं लोकांना वाटतं. आयोग पोलिसांकडून अहवाल मागवतो, तो अर्जदाराला पाठवतो आणि त्यावर त्याचं म्हणणं मागतो. बरीच प्रकरणं इथे गळतात. पत्र इंग्रजीत येतं, घरचे मजुरीला गेलेले असतात, मुदत निघून जाते आणि ‘अर्जदाराला काही म्हणायचं नाही’ असं धरून फाइल बंद होते. संघटनेला मदत करायची असेल तर अशी दहा प्रकरणं अंगावर घ्या: पत्र आलं का विचारायचं, समजावून सांगायचं, पोलिसांच्या अहवालातल्या कुठल्या तारखा आपल्या तारखांशी जुळत नाहीत ते लिहून उत्तर पाठवायचं. एक वही आणि एक फोन एवढं साहित्य पुरतं. सुनावणीला मुंबईला येणं शक्य नसेल तर व्हिडिओवर हजर राहू देण्याची मागणी आधीच लेखी करून ठेवा.

आयोग शेवटी सरकारला शिफारस करतो. सरकारने त्यावर काय केलं ते एक महिन्यात कळवावं, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात मागे लागावं लागतं. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, असा राज्याचा नियम आहे. मागणीही नेमकी करा: ‘अमुक क्रमांकाच्या शिफारशीवर केलेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीची प्रत.’ तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. त्याला वीस रुपयांचा स्टँप. एखाद्याच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर मुदत 48 तासांची आहे. ते अर्जाच्या डोक्यावरच ठळक लिहा, नाहीतर कारकून तो नेहमीच्या गठ्ठ्यात टाकतो.

पुरावा खराब कसा होतो

फोटो काढणारे भरपूर असतात, पण कामाचे फोटो थोडे मिळतात. जखमेचे तीन फोटो घ्या: चेहरा आणि जखम एकत्र दिसेल असा लांबून, मग जवळून, मग जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून. पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं चालेल. मार लागल्याचे वळ दिवसागणिक रंग बदलतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा काढा. हे सगळं माणसाला विचारून. नको म्हणाला तर नाही.

मग तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की घोळ होतो. फाइल लहान होते आणि वेळ-ठिकाणाची नोंद निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ फाइल फोनमधून पुसू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश किंमत (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा, फाइलवरून काढलेला अंक-अक्षरांचा ठसा) भरावी लागते. ती काढून देणारा संगणकाचा जाणकार प्रत्येक संघटनेला हवा असतो. आठवड्यातून दोन तास पुरतात.

सत्यशोधन समितीत, म्हणजे घटनेच्या जागी जाऊन माहिती गोळा करणाऱ्या गटात, जाणार असाल तर चार-पाच जणांपेक्षा मोठा ताफा नेऊ नका, गाव बुजतं. दोन बायका हव्यातच. एकाने विचारायचं, एकाने लिहायचं, आणि पोलिसांची बाजूही विचारायची, ‘बोलायला नकार दिला’ एवढीच नोंद मिळाली तरी. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेचं किंवा कुठल्याही मुलाचं नाव, शाळा, गल्ली, घराचा फोटो अहवालात येता कामा नये. तो गुन्हा आहे, आणि उत्साही कार्यकर्त्यांच्या फेसबुक पोस्टमधून तो सर्रास घडतो.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतल्यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100.

पैसे

लोकांना वस्तू द्यायला आवडतं: लॅपटॉप, प्रोजेक्टर, ‘आमच्या वडिलांच्या स्मरणार्थ’ कपाट. संघटनेला मात्र वीजबिल, एसटीचं तिकीट, झेरॉक्स आणि मानधन भागवायचं असतं, आणि त्याला कोणी नाव देत नाही. म्हणून अट न घालता, ठरावीक आणि दरमहा द्या. चाळीस जणांनी दरमहा पाचशे दिले तर वीस हजार होतात. तालुक्याच्या गावी त्यात एका कार्यकर्त्याचं जेमतेम मानधन निघतं. हेच दोन लाख चाळीस हजार वर्षातून एकदा एकाच मोठ्या माणसाने दिले तर पुढच्या वर्षी त्याचा मूड काय असेल याची चिंता राहते. बँकेत ऑटो-डेबिट लावून टाका.

आधी कागद बघा. महाराष्ट्रात विश्वस्त संस्थेच्या नोंदणी क्रमांकाआधी ‘ई’ असतं, सोसायटीचा क्रमांक ‘एफ’ने सुरू होतो. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागा. वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत ते व्हायला हवं. प्रामाणिक संस्थाही कधी मागे पडलेली असते, पण विचारल्यावर चिडली तर समजून जा. पैसे संस्थेच्या खात्यात द्या. ‘सध्या माझ्या नंबरवर जीपे करा’ असं कोणी म्हणालं तर थांबा, माणूस कितीही भला असला तरी. उद्या चौकशी आली तर त्या खात्यातली आईच्या औषधाची एंट्रीसुद्धा संशयाची ठरते.

करसवलत हवी असेल तर संस्थेकडे 80जी (देणगीवर प्राप्तिकरात सवलत देणारी मान्यता) आहे का विचारा. प्राप्तिकराचा नवा कायदा आला, तरी बोलताना नाव तेच आहे. दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत नाही आणि नवी करप्रणाली निवडली असेल तरीही नाही. काही संघटना मुळातच वर्गणीवर चालतात. जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने 1976 मध्ये सुरू झालेली पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) ही नागरी हक्कांची संघटना देणगीदार संस्थांचा पैसा घेत नाही, सभासदांवर चालते. तिथे सवलत शोधू नका, सभासद व्हा.

परदेशातल्या मराठी लोकांनी हा भाग दोनदा वाचावा. भारतीय पासपोर्ट असेल तर तुम्ही कुठेही राहत असा, स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय देणगी धरली जात नाही. संस्थेला पासपोर्टची प्रत देऊन ठेवा. पासपोर्ट अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा झाला की तुम्ही परकीय स्रोत ठरता, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी. मग संस्थेची एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या तिच्या खास खात्यातच जायला हवेत. ‘नाशिकच्या भावाला पाठवतो, तो भरेल’ ही युक्ती संस्थेला गोत्यात आणते. 2020 च्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेला परकीय निधी छोट्या संस्थेकडे वळवताही येत नाही आणि प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. आदिवासी पाड्यावरच्या छोट्या गटांपर्यंत मोठ्या संस्थेतून झिरपणारा पैसा त्यामुळे आटला, आणि त्यांना गावचाच, देशातलाच पैसा हवा आहे.

कोणाला न दिसणारं काम

विश्वस्त वारला किंवा बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, द्यावा लागतो. सभेची सूचना, हजेरी, ठराव, राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, नव्या विश्वस्ताचं संमतीपत्र. यातला एक कागद राहिला की अर्ज अडतो. जुन्या सह्या चालत नाहीत, नव्या बँक मान्य करत नाही, आणि खात्यात पैसे असून मानधन थांबतं. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यात महिने जातात. तुम्ही सीए, निवृत्त कारकून किंवा नुसते चिकाटीचे असाल तर संघटनेला सांगा, ‘कागद मी बघतो.’ याहून जास्त गरजेचा स्वयंसेवक सहसा मिळत नाही.

आयोगही असाच राबता ठेवला तर जागा राहतो. अध्यक्ष किंवा सदस्याचं पद रिकामं असेल तर सुनावण्या तुंबतात, म्हणून दर सहा महिन्यांनी माहिती अधिकारात विचारा: मंजूर पदं किती, भरलेली किती, प्रलंबित प्रकरणं किती. राज्य आयोगाचा वार्षिक अहवाल, शिफारशींवर काय केलं आणि काय नाकारलं याच्या कारणांसह, विधिमंडळापुढे ठेवणं कलम 28 प्रमाणे सरकारला बंधनकारक आहे. शेवटचा अहवाल कुठल्या वर्षाचा ठेवला ते शोधा आणि अधिवेशनाच्या महिनाभर आधी आपल्या आमदाराच्या हातात तारांकित प्रश्नाचा (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) तयार मसुदा द्या, तीन ओळींचा, टाइप केलेला.